ऑफिसची नोकरी सोडून इलेक्ट्रिशियन व्हायचंय, वय 34, पुणे. सुरुवात कुठून करू?

हडपसरचा_अभि

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

वय 34, बीकॉम, पुण्यात एका कंपनीच्या बॅक ऑफिसला आहे. इन्व्हॉइस तपासायचे, सिस्टीममध्ये टाकायचे, महिनाअखेरीला रात्री उशिरापर्यंत थांबून ताळे जुळवायचे, कॉलेज संपल्यापासून हेच चालूय. आता त्यातलं बरंचसं काम सॉफ्टवेअर करायला लागलंय, आमच्या टीममधली निम्मी माणसं कमी केली किंवा दुसरीकडे हलवली आणि जे उरलोत त्यांच्या पोटात सकाळी मेल उघडताना गोळा येतो. पण नुसत्या भीतीने हे डोक्यात आलेलं नाही. मामाचं इंदापूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, उन्हाळी सुट्टी तिथेच जायची, जळालेली वाइंडिंग काढायची, वेढे मोजायचे, वार्निशचा तो वास, सगळं अजून लख्ख आठवतं. सोसायटीच्या कमिटीवर आहे, गेल्या वर्षी मीटर रूमचं काम निघालं तेव्हा रजा टाकून ठेकेदाराच्या माणसांबरोबर उभा होतो, दिवस कुठे गेला कळलंच नाही, असं ऑफिसात कित्येक वर्षांत झालेलं नाही.

तर इलेक्ट्रिशियन व्हायचंय. हौस म्हणून नाही, पोटापाण्यासाठी.

होम लोन आहे, मुलगी दुसरीत, बायको नोकरी करते. तिचा पाठिंबा आहे पण अट एकच, जे करशील ते सर्टिफिकेट घेऊन रीतसर कर. आईला अजिबात पटलेलं नाही, "एवढं शिकवलं ते लोकांच्या घरी पंखे बसवायला का" म्हणाली आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

विचारायचंय ते असं की या वयात आयटीआयला घेतात का, तीन-चार महिन्यांचे कोर्स असतात त्यावर भागतं का, सुरुवातीला हातात किती पडतात, आणि पाठ-गुडघे साथ देतील का. कोणी केलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

चहाबिस्किट

घेतात. वय 14 पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागतं. ऑनलाइन केंद्रीय प्रवेश प्रक्रिया असते, दहावीच्या निकालानंतर सुरू होते आणि मेरिट दहावीच्या मार्कांवर लागतं, बीकॉमचे मार्क तिथे कोणी बघत नाही. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियनला गर्दी जास्त, तारतंत्री म्हणजे वायरमनला त्यामानाने कमी, दोन्ही कोर्स दोन वर्षांचे. दहावीची मार्कलिस्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच शोधून ठेवा, ऐनवेळी सापडत नाही.

तारतंत्री_नाशिक

अभि, मी जवळजवळ हेच केलंय म्हणून सविस्तर लिहितो. इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर होतो, छत्तिशीत सोडलं, आता सात-आठ वर्षं होतील.

आधी शॉर्ट कोर्सचं. ते वाईट नसतात, हात साफ होतो, स्विचबोर्ड भरता येतो, पण पुढे अडतं. आपल्याकडे कायद्याने इलेक्ट्रिकचं काम कोणीही करू शकत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, आधी 2010 चे होते आता 2023 चे, त्यात सरळ लिहिलंय की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच असल्या बदलाबदलीपलीकडचं काम, म्हणजे नवीन वायरिंग, वाढीव लोड, दुरुस्ती, हे परवानाधारक ठेकेदाराकडूनच आणि परवाना असलेल्या माणसांच्या देखरेखीखाली व्हायला पाहिजे. महाराष्ट्रात हे परवाने अनुज्ञापक मंडळ देतं. खाली वायरमन, वर सुपरवायझर, त्यावर ठेकेदार. आयटीआय केलं की वायरमनच्या परवान्याला अर्ज करता येतो आणि तिथून तुमची शिडी सुरू होते. नवीन मीटरचा अर्ज भरताना महावितरणला जो टेस्ट रिपोर्ट लागतो त्यावर लायसनवाल्या ठेकेदाराची सही लागते, ती सही ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे काम चालत येतं. म्हणून तुमच्या मिसेसची अट शंभर टक्के बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा.

दुसरं, आयटीआय नोकरी सांभाळून होतं का? अवघड आहे. 80 टक्के हजेरी लागते. बऱ्याच संस्थांत दोन पाळ्या असतात, मला दुपारची मिळाली आणि सकाळी एका दुकानाचे हिशोब लिहून थोडे पैसे यायचे, तसं काही जमलं तर बघा. वर्गात सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं, आधी मला सर म्हणायची, मग काका म्हणायला लागली, आणि ओहमच्या नियमावरची गणितं माझ्याकडून समजून घ्यायची. त्या बदल्यात हातोडी कशी धरायची ते मी त्यांच्याकडून शिकलो. लाज वाटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

पैशाचं. आयटीआयच्या काळात कमाई जवळजवळ नाही धरून चाला. नंतर हेल्पर म्हणून गेलो तेव्हा रोज सहाशे होता, तोही काम असेल त्या दिवशी. ऑफिसच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर घर चालवलं, बायकोने चालवलं असं म्हणणं बरोबर. स्वतःची कामं घ्यायला लागल्यावर हळूहळू वर आलं आणि आता ऑफिसात होतो त्यापेक्षा बरं चाललंय. पण दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पैसे जमा होण्याची सवय मोडायला वेळ लागतो आणि पगार तुटल्याचं दुःख हे या कामातलं सगळ्यात मोठं दुःख आहे, उन्हातान्हाचं नाही.

ऑफिसातलं काय उपयोगी पडतं ते सांगतो, कारण सगळे म्हणतात आता शून्यापासून सुरुवात. तसं नाहीये. गिऱ्हाईकाला लेखी एस्टिमेट देणं, त्यात वायर कुठल्या साइजची आणि किती कॉइल ते लिहिणं, काम झाल्यावर बोर्डातल्या प्रत्येक एमसीबीखाली (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) कुठल्या खोलीचा आहे ते लेबल लावणं, वेळेवर फोन उचलणं. एवढ्यावर मला सोसायट्यांची कामं मिळाली आहेत. माझ्यापेक्षा दसपट हुशार मिस्त्री नाशकात आहेत पण कागदावर चार ओळी लिहून देत नाहीत.

शेवटी एक बघितलेली गोष्ट. एका फ्लॅटमध्ये बाईंना वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येत होत्या. तीन पिनचं सॉकेट नवंकोरं, प्लग तीन पिनचा, बाहेरून सगळं झकास. सॉकेट उघडलं तर हिरवी वायर मागे गुंडाळी करून टेप मारून ठेवलेली, अर्थिंगच्या पिनला जोडलेलीच नाही. ज्याने केलं त्याला माहीत होतं की गिऱ्हाईक कधी उघडून बघणार नाही. या धंद्यात तुमचं बरंचसं काम भिंतीच्या आत झाकलं जातं. ते नीट करणारा माणूस व्हायचं असेल तर या, खरंच गरज आहे.

मिहिर_बाणेर

सॉरी पण मला हा निर्णय भावनेच्या भरात वाटतोय. दहा वर्षांचा अकाउंट्सचा अनुभव आहे, जीएसटी, टॅली, थोडं डेटा अॅनालिटिक्स शिका, त्याच लाइनमध्ये वर जा. लोन डोक्यावर असताना दोन वर्षं कमाई बंद म्हणजे फार मोठी उडी आहे. आणि चाळिशीनंतर शिडीवर चढून पंखे लावणं कसं जमणार?

हडपसरचा_अभि

मिहिर, तुझा मुद्दा पटतो, मीही सहा महिने तोच विचार केला. अॅनालिटिक्सचा कोर्स करून बघितला. पण ज्या कामात मन नाही ते अजून वरच्या पायरीवर जाऊन करायचं, आणि तेही सॉफ्टवेअर कधी घेईल याचा भरवसा नाही. लोनचं म्हणशील तर वर्षभराचे हप्ते बाजूला ठेवून मगच राजीनामा, हे नक्की ठरलंय.

तारतंत्री दादा, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणते आईंना पण दाखव.

रंकाळा

कोल्हापूर. या धंद्यात तीस वर्षं होत आली, ठेकेदाराचं लायसन आहे. तारतंत्रींनी लिहिलंय ते बरोबर आहे, मी साइटचं सांगतो.

भावा तू मीटर रूमचं काम बघितलंस, ते झालं तयार इमारतीतलं. नव्या बांधकामाला आमचं काम स्लॅबपासून चालू होतं. सळई बांधून झाली की काँक्रीट पडायच्या आधी आमचे पाइप टाकून व्हायला पाहिजेत, पंख्याचे हुक बॉक्स, लाइटचे जंक्शन बॉक्स, सगळं ड्रॉइंगप्रमाणे मोजून. सेंट्रिंगवाला घाई करतोय, काँक्रीटची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेली, रात्री हॅलोजन लावून पाइप बांधत बसायचं. बॉक्समध्ये कागद नाहीतर थर्माकोल कोंबायचा म्हणजे आत माल शिरत नाही. काँक्रीट पडताना आपला एक माणूस तिथं उभाच पाहिजे, कारण कामगाराचा पाय पडून पाइप दबला किंवा सांधा निघाला तर कळतं कधी, वर्षभरानं, वायर ओढायला पाइपात घातलेली स्प्रिंग मधेच अडकते तेव्हा. मग चांगला स्लॅब फोडायला लागतो. आणि शिव्या कुणाला, इलेक्ट्रिकवाल्याला.

नंतर भिंतीला झिरी मारणं, म्हणजे पाइपासाठी खाच कापणं, कटरची धूळ नाकातोंडात. तोंडाला चांगला मास्क पाहिजेच, आमच्या वेळी रुमाल बांधायचो, त्यानं काय बी होत नाही. झिरी सरळ खाली नाहीतर सरळ आडवी मारायची, तिरकी कधीच नाही, उद्या त्या घरातला माणूस फोटो लावायला खिळा ठोकतो तेव्हा त्याला अंदाज पाहिजे की वायर कुठनं गेली असंल.

वयाचं विचारलंस. माझ्याकडे पंचावन्नचा मिस्त्री आहे, अजून वरच्या मजल्यावर तोच पहिला चढतो. त्याउलट पंचविशीतली पोरं दुपारी झोपतात. झेपतं, फक्त पहिले दोन-तीन महिने लई दुखतं, मान जास्त, वर बघून काम असतं ना. तेवढे दिवस काढायचे. चुका काढल्या की राग धरायचा नाही, तुझ्यापेक्षा लहान मिस्त्री तुला ओरडणार हे मनाशी पक्कं करून ये.

मी माणूस घेताना काय बघतो सांगू? टेस्टर खिशात आहे का ते नाही बघत. लाइन बंद केल्यावर परत एकदा तपासतो का ते बघतो. एमसीबी पाडला म्हणजे लाइन गेली असं समजणारा माणूस मला नको. दुसऱ्यानं न्यूट्रलवर एमसीबी टाकून ठेवलेला असतो, इन्व्हर्टरची लाइन वेगळी आलेली असते, शेजारच्या खोलीचा फेज त्याच बोर्डात आणलेला असतो. आधी चालू लाइनवर मल्टीमीटर लावून तो चालतोय बघ, मग बंद लाइन तपास, मग परत चालू लाइनवर बघ. तीन वेळा. मग हात घाल.

कोयनाकाठ

काका हे शेवटचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या गावात दरवर्षी विहिरीच्या मोटरवर कोणीतरी जातंच. स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग नाही, पावसाळ्यात ओल्या हाताने चालू करायला जातात.

रंकाळा

होय, आणि यातलं निम्मं टाळता येतं. लोकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. 16 अँपिअरचा एमसीबी 16 च्या वर गेल्याशिवाय पडत नाही आणि माणसाचा जीव घ्यायला 100 मिलीअँपिअर सुद्धा पुरे होतात, म्हणजे एका अँपिअरचा दहावा भाग. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, 30 मिलीअँपिअरचा. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातनं एकदा दाबून बघायचं. मी प्रत्येक घरी काम संपल्यावर मालकिणीला स्वतःच्या हाताने ते बटण दाबायला लावतो.

सुमेधा_डोंबिवली

मी इलेक्ट्रिशियनची बायको म्हणून लिहितेय, लग्नाला बारा वर्षं झाली, हिशोब मीच बघते.

कामाबद्दल इथे भरपूर आलंय. मी वसुलीबद्दल सांगते कारण घर त्यावर चालतं. घरगुती गिऱ्हाईक पैसे लगेच देतं, त्याची काळजी नाही. बिल्डरची आणि दुकानांच्या इंटिरिअरची कामं दिसायला मोठी पण पैसे अडकतात, शेवटचं बिल तर महिनोन्महिने निघत नाही, आणि मालाचे पैसे आपण दुकानदाराला आधीच दिलेले असतात. आम्ही आता नियम केलाय, माल गिऱ्हाईकाच्या पैशाने, मजुरी तीन टप्प्यांत. पाइपिंग झालं की एक, वायर ओढून झाली की एक, फिटिंग लागलं की उरलेले. पहिल्या टप्प्याचे आल्याशिवाय दुसरा सुरू करायचा नाही, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

अभि तुम्ही अकाउंट्सचे आहात म्हणजे यात तुम्ही आमच्या पुढे असाल. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, ती करून घ्या, सोसायट्या आणि ऑफिसं मागतात. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आणि विमा. ऑफिसचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो, त्याआधीच कुटुंबाचा वेगळा काढा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेतून मिळते, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. तेवढी कोणीही घ्यावी पण तेवढ्यावर थांबू नका, हात मोडून दोन महिने घरी बसलं तर त्यात काही मिळत नाही, त्यासाठी मोठी अपघात पॉलिसी हवी. आमचे हे शिडीवरून पडले होते तेव्हा तीच कामाला आली.

आईंबद्दल. माझ्या माहेरी पण "वायरमन जावई" यावर खूप बोलणं झालं होतं. नंतर भावाच्या घराचं सगळं वायरिंग ह्यांनी केलं, वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला बाबा बोर्ड उघडून दाखवत होते. वेळ द्या त्यांना.

अभिची_बायको_नाही_पण

सुमेधाताई किती छान लिहिलंत. टप्प्यांचं लिहून घेतलं, माझ्या भावाला पाठवते, तो प्लंबर आहे.

दापोलीकर

मी महावितरणमध्ये आहे, लाइनवर, आम्हाला हल्ली जनमित्र म्हणतात. अभि, काही जण सांगतील की आयटीआय करून महावितरणला लाग. विद्युत सहाय्यकच्या भरतीला आयटीआय वीजतंत्री किंवा तारतंत्रीच लागतं हे खरं, पण तिथे वयाची अट असते, खुल्या प्रवर्गातून तुमचं वय बसेल असं वाटत नाही, जाहिरात आली की नीट वाचा. त्या आशेवर आयटीआय करू नका, स्वतःच्या धंद्यासाठी करा.

बाकी काम किती आहे म्हणाल तर 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवा. श्रीवर्धन, मुरूड, आमच्याकडे मंडणगड, दापोली, पोल आडवे, झाडं तारांवर, कित्येक गावं काही आठवडे अंधारात. बाहेरच्या जिल्ह्यांतून आमची पथकं आली आणि लाइन उभी राहिली. पण लाइन मीटरपर्यंत आली तरी घरात वीज देता येईना, कारण पत्रे उडालेले, भिंती भिजलेल्या, बोर्डात पाणी. मीटरच्या पुढचं काम घरमालकाचं, ते करायला माणूसच नाही. गावातला एकटा वायरमन किती घरं करणार. मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून एकेक सर्किट तपासायचं, जे सुकलंय ते जोडायचं, बाकी तसंच ठेवायचं. तेव्हा शिकलेली माणसं गावोगाव असती तर फार फरक पडला असता. आता आमच्याकडे होमस्टे वाढलेत, प्रत्येक खोलीला एसी आणि गिझर, आणि खालचं वायरिंग आजोबांच्या काळातलं, ते बघून मला झोप लागत नाही.

मिहिर_बाणेर

एक टेक्निकल प्रश्न, विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या बिल्डिंगमध्ये मागे अचानक चार घरांतले टीव्ही, फ्रिज, राउटर सगळं एकदम जळालं आणि बाकी घरांत दिवे मिणमिणते होते. ते काय असतं?

तारतंत्री_नाशिक

न्यूट्रल तुटला असणार. बिल्डिंगला थ्री फेज येतो, तीन फेज आणि एक न्यूट्रल, आणि घरं त्या तीन फेजवर वाटलेली असतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट, दोन फेजमध्ये 400 च्या आसपास. मेन न्यूट्रल कुठे सैल होऊन जळाला की घरांना धरून ठेवणारं काही राहत नाही, ज्या फेजवर लोड कमी तिथे व्होल्टेज वर चढतं आणि ज्यावर जास्त तिथे खाली बसतं. मी अशा एका कॉलला गेलो होतो, मीटर एका घरात 310 दाखवत होता आणि समोरच्या घरात 140. सगळ्यात आधी मेन बंद, मग शोधाशोध. मेन पॅनेलमध्ये न्यूट्रलच्या लिंकचा एक बोल्ट कधी आवळलेलाच नव्हता, तिथे काळं पडून केबलचा लग (टोकाची जोडपट्टी) वितळला होता, वास अख्ख्या मीटर रूमला.

म्हणून वर्षातून एकदा मीटर रूममधले सगळे बोल्ट आवळून घ्या, आणि हे काम परवानावाल्याकडूनच. अभि, तू कमिटीवर आहेस, पुढच्या मीटिंगला हा विषय घेच.

मेलबर्न_मराठी

इथून थोडं. व्हिक्टोरियात इलेक्ट्रिशियनला फार मान आहे आणि पैसाही चांगला, आमच्या गल्लीतल्या बऱ्याच इंजिनिअरांपेक्षा बरा. पण रस्ता लांब. चार वर्षांची अॅप्रेंटिसशिप, शेवटी परीक्षा, मग एनर्जी सेफ व्हिक्टोरियाकडून ए ग्रेड लायसन. स्वतःच्या घरातलं सॉकेट सुद्धा लायसनशिवाय बदलणं इथे बेकायदेशीर आहे. भारतातून अनुभव घेऊन आलेल्यांचं आधी टीआरए (ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया) कडून असेसमेंट होतं, मग देखरेखीखाली काम आणि इथल्या नियमांचं गॅप ट्रेनिंग. तीस-पस्तिशीत सुरुवात करणारे भरपूर आहेत, त्यांना मॅच्युअर एज अॅप्रेंटिस म्हणतात, बँकेतून आलेला एक जण माझ्या ओळखीत आहे. कधी बाहेर यायचा विचार असेल तर प्रत्येक कामाचे कागद, अनुभवाची पत्रं, फोटो पहिल्या दिवसापासून जपून ठेव. असेसमेंटला तेच मागतात.

सौर_संभाजीनगर

सोलरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. फेब्रुवारी 2024 ला पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅट आणि वरच्या घरगुती सिस्टीमला 78 हजारांपर्यंत सबसिडी, तेव्हापासून आमच्याकडे माणसं पुरत नाहीत. पत्र्याचं स्ट्रक्चर उभं करणारे मिळतात, पण वायरिंग समजणारे नाहीत. आयटीआय झाल्यावर सूर्यमित्रचं, म्हणजे सोलर बसवायचं सरकारी ट्रेनिंग मिळालं तर जरूर करा.

पण एक ध्यानात ठेवा, पॅनेलमधून येतो तो डीसी करंट, त्याला घरच्या एसी करंटच्या सवयीने हात लावायचा नाही. एसी सेकंदाला शंभरदा शून्यावरून जातो म्हणून ठिणगी विझते, डीसीची ठिणगी विझत नाही, ओढत राहते. पॅनेल सिरीजमध्ये जोडले की काहीशे व्होल्ट होतात आणि ऊन आहे तोवर ते बंद करता येत नाहीत, खाली मेन पाडला तरी पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतची (लाइन तोडायचा स्विच) वायर जिवंतच. एमसीफोर कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा प्लग) चालू लोडवर खेचून काढताना हात भाजलेले दोन पोरं मी बघितलीत.

हडपसरचा_अभि

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन आलो. तिथल्या सरांनी वय ऐकून भुवया वगैरे उंचावल्या नाहीत, वर्कशॉप दाखवलं, पोरं पॅनेल वायरिंग करत होती. फॉर्म सुरू झाले की वीजतंत्री पहिला पर्याय आणि तारतंत्री दुसरा टाकणार. दाखला शाळेतून आणला. कुटुंबाचा मेडिक्लेम काढला, अपघात पॉलिसीची चौकशी चालूय. मीटर रूमचा विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर टाकलाय.

आईला सुमेधाताईंची पोस्ट वाचून दाखवली. काही बोलली नाही, पण संध्याकाळी देवघरातला दिवा लुकलुकतोय तेवढा बघ म्हणाली. होल्डरमधली वायर सैल होती.

आता राजीनाम्याला अजून वेळ आहे, तोवर रविवारी कोणाच्या हाताखाली जाता येईल का? तपकीर गल्लीत एका दुकानदाराने एका मिस्त्रीचा नंबर दिलाय. आणि हत्यारं काय घेऊ? तिथे मल्टीमीटर दोनशे रुपयांपासून दहा हजारांपर्यंत आहेत, डोकं चक्रावलं.

रंकाळा

रविवारी जा, नक्की जा, पैशाचं विचारू नको, पहिल्या दिवशी वेळेआधी हजर राहा आणि सांगेल ते धर. पण आधी त्या मिस्त्रीचं चालू काम बघून ये. अर्थिंगची वायर जोडतो का, वायरींचे रंग पाळतो का, जोड टेपखाली लपवतो का बॉक्समध्ये कनेक्टर लावून करतो. हयगय करणारा दिसला तर त्याच्याकडे जाऊच नको, हाताला जी सवय पहिल्यांदा लागते ती जात नाही.

हत्यारं एकदम घ्यायची नाहीत. आठ इंची पक्कड चांगल्या कंपनीची, टेस्टर, दोन स्क्रू ड्रायव्हर इन्सुलेशनवाले, स्ट्रीपर, आणि रबरी सोलचे बूट. बूट आधी. दोनशेचा मीटर घेऊ नको, त्याच्या आत संरक्षण नसतं, रेंज चुकली तर हातात फुटतो. कॅट थ्री (मीटरच्या सुरक्षेचा दर्जा) 600 व्होल्ट लिहिलेला बघ, अंगावर आणि प्रोबवर दोन्हीकडे. क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजायचा) नंतर, मेगर त्याच्याही नंतर, तोवर मिस्त्रीचा वापर.

तारतंत्री_नाशिक

एक जोड देतो, स्ट्रीपर स्वस्तातला नको. तांब्याची एखादी तार जरी कापली गेली तरी 2.5 चौरस मिमीची वायर 2.5 ची राहत नाही आणि गरम व्हायची सुरुवात तिथूनच होते. रविवार झाला की इथे लिही काय काय केलंस, मी वाचतोय.